उरलेल्या गोळ्या मलावीला पाठवाव्यात का?

सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुंबईतल्या मराठी चर्चची मंडळी, तरुण संघात पंचवीस-तीस जण, आणि पाळकसाहेबांच्या ओळखीतून आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका खेड्यातल्या मिशन हॉस्पिटलशी जुळलेला धागा. बेत तीन. घरोघरची उरलेली औषधं गोळा करून पाठवायची, कोविडच्या वेळी चर्चने घेतलेले दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रं) तिकडे द्यायचे, आणि पुढच्या मे महिन्यात आठ जणांनी दहा दिवस जाऊन सेवा करायची. विचारलंय मात्र एवढंच, की औषधं कुरियरने स्वस्तात कशी जातील.

कुरियरचं उत्तर सोपं आहे: पाठवू नका. पण तुमची खरी अडचण कुरियर नाहीच. तुमच्याकडे माणसं आहेत, हौस आहे, थोडे पैसे आहेत, आणि पलीकडे काय हवंय हे अजून कोणी विचारलेलं नाही. एवढ्या लांब प्रश्नात हॉस्पिटलने काय मागितलं याचा एक शब्द नाही.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे बोलते ते कुठून बोलते ते कळेल. मी फार्मासिस्ट. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या औषध भांडारात एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आमच्या मंडळीचं वैद्यकीय मदतीचं काम वीसेक वर्षं बघते. आधी नेपाळ, नंतर पूर्व आफ्रिकेतली दोन हॉस्पिटलं. तुमचा पहिला बेत मी स्वतः पार पाडलेला आहे, आणि त्यातून काय झालं तेही बघितलं आहे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळला भूकंप झाला तेव्हा पुढच्याच रविवारी आम्ही चर्चच्या दाराशी खोकं ठेवलं. तीन रविवारांत अकरा खोकी भरली. भगिनी मंडळाच्या बायका सभागृहात सतरंजी टाकून, तांदूळ निवडावेत तशी औषधं निवडत बसल्या. निघालं काय? अर्धी प्यायलेली खोकल्याची बाटली. कात्रीने कापलेले चार-चार गोळ्यांचे तुकडे, ज्यांच्यावर ना बॅच नंबर ना तारीख. उघडलेले डोळ्यांचे थेंब. वजन कमी करायची पावडर. कोणाच्या तरी वारलेल्या वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्यांच्याच पिशवीत, त्यांच्याच नावाच्या चिठ्ठीसकट. निवडून अडीच खोकी उरली, ती बऱ्याच खटपटी करून पोचवली. महिन्याभराने तिथलं भांडार सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. आधी आभार मानले, मग फार संकोचून विचारलं, "दीदी, यातलं जे आम्हाला वापरता येत नाही ते आम्ही कुठे टाकायचं?" आयुष्य औषधांत काढलेली मी, मला हे आधी कळायला हवं होतं. पण सगळे इतके उत्साहात होते की नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तुम्हाला आज सांगतेय ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण मंडळीत तुम्हाला हे पटवावं लागणार आहे. आपल्या घरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. त्याच घराच्या कपाटात ही औषधं चार महिने पडलेली असतात. वरून चांगली दिसणारी गोळी आतून चांगली आहे याची खात्री कोणी द्यायची? दुसरं म्हणजे नावं. आपण औषध ब्रँडच्या नावाने ओळखतो, ते नाव मलावीतल्या नर्सला काही सांगत नाही. तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही: एकाच गोळीत दोन-तीन औषधं कोंबायची आपल्याकडे भारी हौस. सरकारने २०१८ मध्ये अशा ३२८ मिश्रणांवर आणि २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर बंदी घातली. घरातल्या जुन्या डब्यात त्यातली काही आजही निघतील. मधुमेहाच्या गोळ्यांचंच घ्या. इथल्या काकांची गोळी म्हणजे दोन किंवा तीन औषधं एकत्र. तिथल्या रुग्णाला ती दीड महिना दिली आणि संपली, की पुढे काय? त्याची साखर पुन्हा पहिल्यापासून बसवायची, आणि तेही साखर तपासायच्या पट्ट्या असल्या तर.

आणि एक कानाला खडा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या गोळ्या यांपैकी काहीही "बॅगेत घालून नेतो" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. ही औषधं अंमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येतात, आणि परक्या देशाच्या विमानतळावर "चर्चचं काम आहे" हे उत्तर चालत नाही.

ही फक्त आमची फजिती नाही. बोस्नियाच्या युद्धकाळात, १९९२ ते १९९६ मध्ये, मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी होती असा अंदाज नंतर निघाला. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये वीस लाखांहून कमी लोकांसाठी ४,००० टन औषधं येऊन पडली, बरीचशी तिथे कोणालाच वाचता न येणाऱ्या भाषांतल्या लेबलांची. ती जाळायचा खर्च घेणाऱ्यांच्याच माथी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम काढले, २०१० मध्ये सुधारले. त्यातले चार तुमच्यासाठी महत्त्वाचे: मागितलेलंच औषध द्या, रुग्णांकडून परत आलेलं आणि डॉक्टरांना मिळालेलं नमुन्याचं औषध देऊ नका, पोचेल तेव्हा मुदत संपायला किमान एक वर्ष शिल्लक असावं, आणि लेबलवर औषधाचं मूळ नाव, तिथल्या लोकांना समजेल अशा भाषेत असावं. तुमची खोकी यांपैकी एकाही नियमात बसणार नाहीत.

आता गंमत बघा. त्या हॉस्पिटलच्या भांडारात तुम्ही गेलात तर फळीवरच्या कितीतरी डब्यांवर 'मेड इन इंडिया' दिसेल. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा हसू आलं. काही डबे तर मुंबई-वसई पट्ट्यातल्या कारखान्यांतले होते. २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली ती मुंबईच्याच सिप्ला कंपनीने. तोवर त्याच उपचाराचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. म्हणजे इथलं औषध तिकडे पोचायची वाट आधीच आहे, घाऊक, तपासलेली, थंड-गरम सांभाळणारी. ती सोडून आपण सुटी पाकिटं पाठवायची, याला काय अर्थ आहे? शिवाय मलावीला समुद्र नाही. न्हावा-शेवा बंदरातून निघालेला माल शेजारच्या देशांतल्या बैरा, नकाला किंवा दार-एस-सलामच्या बंदरात उतरतो आणि तिथून पुढे ट्रकने किंवा रेल्वेने जातो. त्यांच्या औषध नियामकाची परवानगी आधी हातात नसेल तर खोकी कुठेतरी गोदामात अडकतात, भाडं चढत राहतं, आणि ते भरायला हॉस्पिटलचा माणूस खेपा घालतो.

मग करायचं काय? पत्र लिहायचं. पाळकसाहेबांनी तिथल्या पाळकांना नव्हे. हॉस्पिटलच्या मेट्रनला, म्हणजे मुख्य नर्सला, आणि भांडार सांभाळणाऱ्याला. पाळक एकमेकांना "देवाच्या कृपेने सर्व ठीक" असं लिहितात, त्यातून यादी निघत नाही. पत्रात तीनच प्रश्न ठेवा. गेल्या सहा महिन्यांत कोणती वस्तू किती दिवस संपलेली होती? ती तुम्ही कुठून, किती किमतीला घेता? आणि आम्ही काय पाठवू नये? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. घेणाऱ्याला नाही म्हणायची सोय आपण करून द्यावी लागते, आपणहून तो म्हणत नाही. नेपाळच्या त्या बाईंनीही कुठे म्हटलं?

उत्तर फार साधं येईल, त्याने खट्टू होऊ नका. आम्हाला पहिल्या यादीत काय आलं होतं: हातमोजे, टाके घालायचा दोरा, मुलांच्या जुलाबासाठी झिंकच्या गोळ्या आणि ओआरएस, लोखंडी मांडण्या, आणि बाळंतपणाच्या वॉर्डातला फ्रिज दुरुस्त करायला पैसे. फ्रिजवर आमच्या कमिटीत चांगला अर्धा तास वाद झाला. "औषधासाठी पैसे जमवले आणि फ्रिज?" असं चर्चचे एक वडील, म्हणजे कमिटीतले ज्येष्ठ, म्हणाले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला जे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. फ्रिज बंद म्हणजे इंजेक्शन असून नसल्यासारखं. हे सांगितल्यावर त्याच वडिलांनी सगळ्यात आधी पाकीट काढलं.

आपल्या लोकांना हे खरं तर चटकन समजायला हवं, कारण दोन-तीन पिढ्यांमागे आपणच घेणारे होतो. मिरजेचं मिशनचं वानलेस हॉस्पिटल १८९४ चं. माझी आजी मिरजेला मिशनच्या दवाखान्यात काम करायची. ती सांगायची, परदेशातल्या मंडळ्यांतल्या बायका जुन्या धुतलेल्या चादरी फाडून, पट्ट्या गुंडाळून पाठवायच्या. पट्टीची रुंदी हॉस्पिटलने कळवलेली असायची, आणि सगळे गुंडाळे त्याच मापाचे. पण त्याच पेटीतून कधी लोकरीचे जाड कोटही यायचे. मिरजेत, एप्रिलमध्ये! आजी ते सांगताना अजून हसायची. पट्ट्या मागितलेल्या होत्या, कोट पाठवणारीच्या कपाटातले होते.

पैशांकडे येते. हा भाग रुक्ष आहे, पण नीट वाचा. परदेशातून पैसे घ्यायचे तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, हे आपल्या मंडळ्यांना एव्हाना पाठ झालंय. बाहेर पाठवायचे तर गाठ फेमाशी, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याशी. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत बाहेर पाठवता येते आणि देणगी त्यात बसते. ही सवलत व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही. तुमचं चर्च ट्रस्ट असेल तर दुसरीही अडचण: धर्मादाय ट्रस्टला आयकरात सूट मिळते ती भारतात खर्च केलेल्या पैशावर, बाहेर खर्च करायचा तर आधी प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. तेव्हा रविवारच्या अर्पणातले पैसे उचलून मलावीला धाडायचा ठराव पास करू नका, खजिनदार गोत्यात येईल. आणि सगळ्यांचे पैसे सेक्रेटरीच्या बचत खात्यात गोळा करून तिथून पाठवायचे, हे तर अजिबात नको. मग ते पैसे कोणाचे, याचं उत्तर देताना तुमच्या नाकी नऊ येतील.

आम्ही करतो ते असं. कमिटी पैशाला हात लावत नाही, फक्त कोण किती देणार याच्या वचनांची वही ठेवते. ज्याला द्यायचं तो स्वतःच्या खात्यातून थेट हॉस्पिटलच्या खात्यावर पाठवतो. व्यक्तीच्या नावावर नाही. त्याची करसवलतीची ८०जी पावती मिळत नाही, हे आधीच सांगून टाकायचं. दर महिन्याला दोन-दोन हजार पाठवू नका, बँकेचं शुल्कच खाऊन टाकेल; प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदाच पाठवावं. तुमच्या ट्रस्टची घटना काय म्हणते, नोंदणी कशी आहे, यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून एक बैठक सीएबरोबर घ्याच. मंडळीत एखादा सीए नक्की असेल, त्याला चहा पाजा.

चर्चमध्ये हंगामाच्या सणाला आणलेल्या वस्तूंचा लिलाव तुमच्याकडेही होत असेलच. आमच्याकडे एका अंड्याची बोली पाचशेपर्यंत गेलेली मी पाहिली आहे, तेच अंडं परत दान होऊन तीनदा विकलं जातं. तो पैसा चर्चचा, म्हणून तो इथेच वापरा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी पुअर बॉक्स फंड असतो, तिथल्या समाजसेवकांना भेटा. धारावीच्या किंवा गोवंडीच्या टीबीच्या रुग्णाला दूध-अंडी लागतात तीही याच कामातली. काही जण म्हणतील, इथे एवढी गरज असताना मलावी कशाला? प्रश्न चुकीचा नाही. माझं मत असं, की दोन्ही करता येतं. पण लिलावाचा पैसा इथे आणि घराघरांतलं वचन तिथे अशी वाटणी सरळ ठेवली तर भांडण होत नाही.

कॉन्सन्ट्रेटरचं उत्तर "बघावं लागेल" असं आहे. २०२१ मध्ये घाईघाईत घेतलेली यंत्रं आता कित्येक संस्थांच्या जिन्याखाली पडून आहेत. वीजदाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट, पण तिथलं सॉकेट ब्रिटिश, चौकोनी तीन पिनांचं. ते किरकोळ. खरे प्रश्न वेगळे आहेत: फिल्टर तिथे मिळतो का? दुरुस्त कोण करणार? वीज गेली की काय? आणि यंत्र अजून किती शुद्धतेचा ऑक्सिजन देतं, हे कोणी मोजलंय का? गरीब देशांच्या हॉस्पिटलांतली साधारण ४० टक्के यंत्रं बंद पडलेली असतात, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं होतं. मी स्वतः एका हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत साखर तपासायचे चार ग्लुकोमीटर पाहिले, कोरे करकरीत. त्यांना लागणाऱ्या पट्ट्या त्या देशात मिळतच नव्हत्या. तुमची यंत्रं त्या खोलीत जायला नकोत.

आता आठ जणांची वारी. तुम्हाला यातलंच सगळ्यात जास्त आकर्षण असणार, म्हणून स्पष्ट बोलते. आठ तिकिटं, व्हिसा, विमा यांचे पैसे एकत्र केलेत तर हॉस्पिटलची कितीतरी महिन्यांची हातमोज्यांची आणि टाक्यांच्या दोऱ्याची सोय होईल. दहा दिवसांत तुम्हाला चिचेवा भाषेतलं "कुठे दुखतंय?" एवढंच येईल. तोवर तिथली एक नर्स तुमची दुभाषी बनलेली असेल, आणि तिच्या वॉर्डात तिच्या जागी कोणी नसेल. डॉक्टर-नर्स असाल तरी तिथल्या कौन्सिलची नोंदणी घेतल्याशिवाय रुग्णाला हात लावू नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून मुंबईहून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. सगळ्यांनी तसं करावं असं मी म्हणत नाही, पण दहा दिवस आणि चार वर्षं यांतला फरक डोळ्यांसमोर असू द्या.

तरी मी जाऊच नका म्हणणार नाही. मीही एकदा गेले होते, बारा दिवस. पहिले तीन दिवस वॉर्डात नुसती लुडबुड केली. चौथ्या दिवशी भांडारात शिरले आणि मग बाहेरच आले नाही. तिथला मुलगा हुशार होता, पण नवा माल पुढे आणि जुना मागे लावायची सवय होती, त्यामुळे मागचा माल मुदत संपून जायचा. आम्ही दोघांनी मिळून सगळी मांडणी उलटी केली: आधी मुदत संपणारं पुढे, प्रत्येक वस्तूला कार्ड, रोज सकाळी तापमानाची नोंद. ते काम माझं होतं, कारण ते मला येतं. तेव्हा आठ नको, दोन जण पाठवा, तेही हॉस्पिटलने बोलावलं तर. तुमच्या तीस जणांत बायोमेडिकल टेक्निशियन, म्हणजे हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणारा, आहे का? लॅब टेक्निशियन? हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवू शकेल असा कोणी? इलेक्ट्रिशियन? भक्तिगीतं म्हणणारे सहा जण इथेच राहिले तर कोणाचं बिघडत नाही.

जाणाऱ्यांसाठी एक बारीक पण अडचणीची गोष्ट. मलावी पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, पण मुंबईहून जाताना बहुधा अदिस अबाबा किंवा नैरोबीला विमान बदलावं लागतं, आणि इथिओपिया, केनिया हे दोन्ही त्या यादीत आहेत. येता-जाता लसीचं कार्ड मागितलं जाऊ शकतं. लस अधिकृत केंद्रावरच, प्रवासाआधी किमान दहा दिवस. कार्ड आता आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरांना वेगळं विचारा.

औषधासोबत धर्मप्रचाराची पत्रकं वाटू नका. त्या भागात मुस्लिम वस्तीही आहे. आजारी माणूस नाही म्हणू शकत नाही. आपल्यावर इथे काय आरोप होतात ते तुम्हाला ठाऊक आहे, तिथे तरी त्यांना जागा देऊ नका. फोटोंचंही तेच. सलाईन लावलेल्या उघड्या मुलाचा फोटो चर्चच्या नोटीस बोर्डावर लागला तर आधी स्वतःला विचारा, आपल्या भाच्याचा असा लावला असता का?

तर क्रम असा ठेवा. खोकं ठेवायची घोषणा झाली नसेल तर थांबवा. झाली असेल तर येत्या रविवारी तुम्ही स्वतः उभं राहून मागे घ्या, पाळकसाहेबांवर ढकलू नका. या आठवड्यात मेट्रनला पत्र लिहा. उत्तराला महिना लागेल, त्या महिन्यात सीएला भेटा आणि वचनांची वही सुरू करा. मे महिन्याची तिकिटं आत्ता काढू नका.

दरम्यान एक काम आजही करता येईल. दोन्ही कॉन्सन्ट्रेटर बाहेर काढा, पुसा, मागच्या बाजूचा मॉडेल नंबर लिहून घ्या. यंत्रावर तास मोजणारा छोटा मीटर असतो, तो आकडाही लिहा, आणि पाच लिटरचे की दहा लिटरचे तेही. हे तिन्ही कळवा, मग त्यांचं काय करायचं ते सांगते.